वस्तरा लावायच्या आधी

माझे दोन हात एका सिनेमात आहेत. तोंड नाही, नुसते हात. डावा एका माणसाच्या डोक्यावर आणि उजव्यात वस्तरा. पडद्यावर आले म्हणेपर्यंत जातात. नातवानं मोबाईलवर तेवढाच तुकडा थांबवून घरात सगळ्यांना दाखवला, तर आमची मंडळी म्हणते, नखं तरी नीट कापायची होती. उभा जन्म लोकांची डोकी सांभाळण्यात गेला आणि शेवटी नाव निघालं ते नखांचं.

मी सौंसरचा, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या गावचा. न्हाव्याला आमच्या भागात म्हाली म्हणतात, आणि आमच्या घरात बापापासून हेच काम. मोठ्या रस्त्याला दुकान आहे, ते आता मुलगा चालवतो. त्यानं पाटीवर 'जेंट्स पार्लर' लिहून घेतलं, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आणल्या आणि मला दाराजवळ एक साधी खुर्ची दिली. तिथं बसून मी पेपर वाचतो आणि त्याच्या कामातल्या चुका काढतो. दिवाळी अंकवाल्यांनी अनुभव लिहायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, बाबा, एवढे किस्से आहेत तुमच्याजवळ, धडाधड लिहून टाका. किस्से आहेत, पण लिहायला बसलं की एकच दिवस पुढे येऊन उभा राहतो. तरी आधी थोडं कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

डोकं भादरणं हे दाढीपेक्षा वेगळं काम. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक आरशात पाहतं, गप्पा हाणतं, गावाची उठाठेव करतं. पूर्ण डोकं द्यायला बसलेला माणूस खाली पाहतो. आधी पाणी जिरवावं लागतं. नवी पोरं नुसतं शिंपडतात आणि मग वस्तरा अडला की हत्याराला दोष देतात. बोटांच्या पेरांनी केसांच्या मुळाशी पाणी चोळत राहायचं, केस मऊ होईस्तोवर. भोवऱ्यापाशी हात हलका करायचा, कानामागे कातडी ताणून धरायची. झाल्यावर तुरटी फिरवायची. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एक प्रश्न विचारायचा. माझ्या बापानं माझ्या हातात वस्तरा दिला त्याच्या आधी हा प्रश्न दिला होता. "बाप हाय का?"

आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलानं डोकं सफाचट करायचं नसतं. लहान लेकराचं जावळ वेगळं, देवाला बोललेला नवस वेगळा. पण मोठ्या माणसानं केस उतरवायचे ते बाप गेल्यावर, नदीवर, दहाव्याला. आधीच केलं तर ते बापाच्या मरणाची वाट पाहिल्यासारखं होतं. कोणी कोंडा झाला म्हणून येतो, कोणी उन्हाळ्यात गरम होतं म्हणून. मी आधी विचारणार. बाप असला तर मशीन लावून बारीक करून देईन, वस्तरा लावणार नाही. मुलगा म्हणतो, आता कोण मानून राहिलं हे? न मानो. मी विचारतो.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने पाहिले. पांढुर्ण्याचे एक गृहस्थ होते, कापसाच्या धंद्यातले. त्यांनी शपथ घेतली होती, पांढुर्णा जिल्हा होईपर्यंत दाढी काढणार नाही. लोक हसायचे. दाढी छातीवर आली, काळ्याची पांढरी झाली, आणि एक दिवस खरंच जिल्हा झाला. तर हे दाढी उतरवायला आले सौंसरला, माझ्याकडे. मी म्हटलं, शेटजी, पांढुर्ण्यात म्हाली नाहीत का? ते म्हणाले, ज्याच्या हातानं उतरवायची ठरली होती तो वाट पाहून पाहून मेला. दाढी काढली तर आतून एक लहानसं, अनोळखी तोंड निघालं. ते आरशात पाहत बराच वेळ बसले आणि म्हणाले, पुन्हा वाढवतो बाप्पा, रिकामं रिकामं वाटून राहिलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सिनेमावाले आले. आमच्या जवळच्या मोहगावची एक जुनी गल्ली त्यांना आवडली होती. विजेच्या तारा लपवल्या आणि रिचार्जच्या पाट्या झाकल्या की काळ मागे जातो, असं त्यांचं म्हणणं. कथा अशी, की स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या दिवसांत एका मोठ्या नेत्याचा गोळ्या घालून खून होतो. नेत्याला सिनेमात नाव नव्हतं, सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. खूनही दाखवायचा नव्हता. दिग्दर्शक एक बाई होत्या, नागपूरकडच्याच, चाळिशीतल्या, डोक्याला रुमाल बांधून दिवसभर उन्हात फिरायच्या. त्यांनी मला सांगितलं, गोळी सगळेच दाखवतात काकाजी, मला गोळीनंतरचं गाव दाखवायचंय. बातमी येते, चुली पेटत नाहीत, शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं पाहतो, एकाचं घर जाळायला लोक निघतात. आणि शेवटी गावातले बाप्ये डोकी भादरून, 'त्यांच्या' अस्थींचं मडकं घेऊन नदीवर जातात.

म्हणून त्यांना बरीच डोकी भादरून हवी होती, आणि तीही जुन्या पद्धतीनं, पाटावर बसवून. मुंबईहून आलेला त्यांचा केसवाला हुशार होता, हजार प्रकारचे विग त्याच्याजवळ, पण वस्तऱ्यानं त्यानं कधी डोकं केलेलं नव्हतं. गर्दी जमवायचं काम आमच्या मंडपवाल्या संतोषकडे होतं. त्यानं माझं नाव सांगितलं. मी माझ्या दोन भाच्यांना बरोबर घेतलं, बापाची धोपटी, म्हणजे हत्यारांची चामडी पिशवी, काखेत मारली आणि मोहगावला गेलो. निघताना मुलगा म्हणाला, बाबा, मुंबईले पळून नका जाऊ आता.

सकाळी माणसं भरपूर जमली. नाष्ट्याला पोहे, दिवसाची मजुरी, वरून सिनेमात दिसायचं. पहिला एक तरणाबांड पोरगा हसत हसत पाटावर बसला. मी पाणी घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं विचारलं, बाप हाय का? तो म्हणाला, हाय नं, तो काय तिकडे पोहे खाऊन राहिला. मी हात काढून घेतला.

तेवढ्यानं सगळी रांग मोडली. जो तो एकमेकाकडे पाहून मागे सरकू लागला. पोहे खाणारा बाप प्लेट घेऊन तरातरा आला आणि पोराला म्हणाला, मले जित्तेपणीच पोचवतं काय बे? गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं आपल्या लेकाला कान धरून घरी नेलं, आणि तो लेक स्वतः दोन लेकरांचा बाप. संतोष माझ्यापुढे हात जोडू लागला, काकाजी, तुमी काऊन विचारलं? न विचारता भादरले असते तर कोनाले आठवलं पन नसतं. त्याचं म्हणणं खरं होतं. पण सवयच अशी, की पाणी हातात घेतलं की तोंडातून प्रश्न येतोच.

मुंबईच्या पोरानं मग एकाला रबराचं टक्कल चढवून पाहिलं. उन्हात त्याची कड चमकत होती आणि माणूस उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. बाईंनी ते काढायला लावलं. चिडल्या नाहीत. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, मला नीट समजावून सांगा. मी रीत सांगितली. त्यांनी विचारलं, मग त्या वेळी लोकांनी कशी काय भादरली असतील?

मी त्यांना माझ्या बापाचं सांगितलं. त्याच्या तरुणपणी असाच एक दिवस आला होता. दिल्लीची बातमी आली आणि लोक आपण होऊन जाम नदीवर येऊन बसले. बाप म्हणायचा, त्या दिवशी मी कोणालाच विचारलं नाही. ज्याचा बाप शेजारी बसला होता तोही डोकं पुढे करत होता, आणि तो बापही काही बोलत नव्हता. बाई म्हणाल्या, हेच तर दाखवायचंय मला. मी म्हटलं, दाखवा, पण ह्या पोरांना ते कसं यावं? ज्याच्यासाठी बाप जिवंत असताना डोकं पुढे करावं असा माणूस त्यांनी पाहिला कुठे? मीही नाही पाहिला. बाप त्या दिवसाबद्दल सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा, आणि मला, मी जन्मलोही नव्हतो त्या दिवसाची, आजही ओढ लागते. असं कोणासाठी तरी रडावंसं वाटावं, ही ओढ.

शेवटी असं ठरलं की ज्यांचे बाप गेले आहेत त्यांची डोकी भादरायची, आणि बाकीच्यांनी टोप्या-फेटे घालून मागे चालायचं. संतोषनं भोंगा घेतला आणि ओरडला, बाप नसलेले इकडे या, असलेले तिकडे जा.

ऐकायला हे काहीच नाही. पण माणसं खरंच दोन बाजूंना होऊ लागली तेव्हा संतोषनं भोंगा खाली घेतला. माझ्या बाजूला येणारा प्रत्येक जण मान खाली घालून येत होता. त्यातल्या कित्येकांची डोकी मीच नदीवर केली होती. ज्यांची आपसात बोलचाल बंद होती असे दोघं शेजारी शेजारी येऊन बसले. बौद्ध वस्तीतला एक पोरगा बाप असूनही इकडे आला, म्हणाला, आमच्यात हे असं काही नाही, भादरा बिनधास्त. मी बसवलं. अर्धं डोकं झालं आणि त्याच्या आईचा फोन आला. रीत नसली तरी माय होतीच. दुसऱ्या आठवड्यात पोरगी पाहायला जायचं ठरलं होतं आणि हा टकला होऊन बसला. त्यानं फोन माझ्या कानाला लावला आणि वस्तरा हातात धरून मला त्या माउलीची समजूत घालावी लागली. लग्न झालं त्याचं पुढे. मला पत्रिका आली होती.

ह्या सगळ्यात एक माणूस मधोमध उभा राहिला. इकडेही येईना, तिकडेही जाईना. सुधाकर.

सुधाकर आमच्या सौंसरचा, संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायचं काम करतो. त्याचा बाप गुलाबराव माझ्यापेक्षा वयानं मोठा, पण माझ्याच दुकानात बसणारा. व्यापाऱ्याचा माल घेऊन ट्रकवर दिल्लीच्या मंडीला जायचा, आठवड्यानं रेल्वेनं परत यायचा. फार हसवायचा. असाच एकदा मृगाच्या बहाराची संत्री घेऊन गेला आणि आला नाही. माल तिकडे पोचला होता. गावाकडे निघतो असं सांगून तिथून निघालाही होता. त्यापुढे काही नाही. त्याचा भाऊ जाऊन शोधून आला, पोलिसात दिलं, इटारसीपर्यंतच्या स्टेशनांवर विचारलं. सुधाकर तेव्हा प्राथमिक शाळेत होता. आता त्याची मुलगी कॉलेजात आहे.

त्याची माय, कौसल्यावहिनी, अजून ठसठशीत कुंकू लावते. वडाला फेऱ्या मारते. इतक्या वर्षांत ती एक रात्र दुसऱ्याच्या घरी राहिली नाही, मुलीच्या बाळंतपणालासुद्धा नाही, कारण ते आले आणि घरी कोणी नसलं तर? घराला दर दिवाळीला तोच निळा रंग, कारण ओळखायला चुकतील. बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंदांनी सांगितलं की आता त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळा, दहावं-तेरवी करा, त्यालाही मोकळं करा आणि तुम्हीही मोकळे व्हा. तिनं विचारलं, तुमी त्यायले मेलेलं पाहून आले काय? त्यापुढे कोणी विषय काढला नाही. पितरांच्या दिवसांत सगळ्या घरांतून कढी-वड्यांचा वास येतो, आणि त्या घरात काही नसतं.

तर तो मधोमध उभा. भोंग्यातून संतोष म्हणाला, सुधाकर, तू कोन्या बाजूले बे? आणि बोलून गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं. सगळे पाहत होते. सुधाकर सरळ माझ्याकडे आला, पाटावर बसला आणि मान खाली घातली.

मी हळूच म्हटलं, "बाप हाय का?"

"तुमीच सांगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, जा बेटा, आधी मायले विचारून ये. तो म्हणाला, माय नाई म्हनीन. आणि मग वर पाहून, एवढ्या हळू की फक्त मलाच ऐकू यावं, बोलला, "काकाजी, मी पन्नाशीले आलो. गावातल्या सगळ्यायनं आपापल्या बापासाठी रडून घेतलं. मले रडता पन नाई आलं, अन वाट पन नाई पाहाता आली मायसारखी. सिनेमात तं सगळं खोटंच राहते नं? मंग खोटंच भादरा. एक डाव मले त्याच्यासाठी बसू द्या."

माझे हात ओले होते, ते तसेच राहिले. मी बाईंना सांगितलं, थोडा वेळ द्या, आणि का तेही सांगितलं. त्यांनी विचारलं नाही किती वेळ. संतोषची मोटरसायकल घेऊन सुधाकर आणि मी सौंसरला गेलो.

वहिनी ओसरीत सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी सरळ सांगून टाकलं, आडपडदा ठेवला नाही. त्यांनी विचारलं, कायचा सिनेमा? मी म्हटलं, एका मोठ्या माणसाला गोळ्या घालतात, लोक सुतक पाळतात. त्या म्हणाल्या, त्यायच्या बायकोले कोन सांगते मंग? मी म्हटलं, बायको नाही दाखवली. तर म्हणाल्या, मंग काय दाखवलं. सुधाकर खांबाला टेकून उभा होता. वहिनी पुन्हा तूर निवडू लागल्या. मला वाटलं, झालं, उठावं आता.

"भाऊजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "जायच्या दिवशी त्यायची दाढी तुमीच केली होती नं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. काही बोलले होते काय, त्यांनी विचारलं. मी खूप आठवलं. खोटं बोलायचा मोह झाला, खरं सांगतो. काहीतरी चांगलं जोडून देता आलं असतं. पण मी होतं तेच सांगितलं, की म्हणाले, जरा घासून कर, दिल्लीचे न्हावी घाईत राहतात, आणि घरी परत येईस्तोवर पुरली पाहिजे. वहिनींनी मान हलवली. पदरानं सुपाची कड पुसली, जी पुसायची काही गरज नव्हती.

मग म्हणाल्या, "सुधाकरचं भादरा. त्याले कधीचं पायजे होतं, मले मालूम हाय. पन मले कोनी काही कराले सांगू नका." आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, मी मोहगावले जाऊन येतो, कोनी आलं तं बसव.

सुधाकरला पाटावर बसवलं तेव्हा मी काही विचारलं नाही. पाणी जिरवायला घेतलं, आणि जिरवतच राहिलो. बाईंचा कॅमेरा शेजारी होता, त्याचं मला भान नव्हतं. मधून एक पट्टा काढला, मग बाजूचे. मागचे केस उतरले तसा माझा हात थांबला. मागून सपाट डोकं, उजव्या कानाच्या वर हाडाचा एक उंचवटा. हे डोकं मी आधी केलेलं होतं. गुलाबरावाचा बाप गेला तेव्हा नदीवर, ह्याच वस्तऱ्यानं. तेव्हा गुलाबराव तिशी-पस्तिशीचा होता, आणि दहाव्यालाही त्यानं माझ्या कानात काहीतरी सांगून मला हसवलं होतं. सिनेमात माझे हात दिसतात ते ह्याच ठिकाणचे. लोक म्हणतात, काय ॲक्टिंग केली, हात कसा थांबला. ॲक्टिंग कुठली बाप्पा.

संध्याकाळच्या आत अस्थींचं दृश्य घेतलं. गल्लीच्या वळणावरून भादरलेली माणसं, अनवाणी, पांढऱ्या बंड्या-धोतरात, हळूहळू येतात, पुढे मडकं. बाईंनी सांगितलं होतं, रडू आलं तर रडा, आणू नका. वहिनींना त्यांनी कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची दिली होती. मी शेजारी उभा होतो. डोकी वळणावर दिसू लागली. तिसऱ्या-चौथ्या रांगेत सुधाकर होता. वहिनी एकदम उठून उभ्या राहिल्या आणि झटकन डोक्यावर पदर घेतला. गुलाबराव स्टेशनावरून येताना दिसला की ह्याच तऱ्हेनं त्या दारातून पदर घेत उठायच्या, मी कितीदा पाहिलेलं. तो जवळून पुढे गेला. त्या हळूच खाली बसल्या.

"असेच दिसत असतील काय हो आता?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, हौ वहिनी, असेच. गुलाबराव असता तर ऐंशीच्या आसपास असता, हे दोघांनाही माहीत होतं. सुधाकर त्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी चालत गेला. आजूबाजूचे चांगले हुंदके देत होते, त्याला मात्र आलं नाही. ज्यासाठी बसला होता तेच त्याला साधलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

नदीवर एका माणसानं मडकं पाण्यात सोडलं आणि बाईंनी पहिल्याच वेळी चांगलं झालं म्हणून सांगितलं. लोक चपला शोधू लागले, चहा आला. शॉट बिघडला तर असावं म्हणून दुसरं एक मडकं राख भरून ठेवलेलं होतं, ते तिथंच दगडावर राहिलं. इथून पुढचं सिनेमात नाही.

वहिनी त्या मडक्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मग बाईंना विचारलं, "ही राख कोनाची हाय?"

"कोणाचीच नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "चहावाल्याच्या भट्टीतली आहे."

"कोनाचीच नाई नं?"

"नाही."

"मंग मले द्या."

बाईंनी पायातल्या चपला काढल्या, मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि वहिनींच्या हातात दिलं. कॅमेऱ्यावाला पुढे येत होता, त्याला त्यांनी हातानंच मागे जायला सांगितलं. कोणी काही न सांगता चहाचे कप खाली ठेवले गेले. ज्यांचे बाप होते आणि ज्यांचे नव्हते, सगळेच काठावर येऊन उभे राहिले.

वहिनींनी सुधाकरला हाक मारली. दोघं पाण्यात गेले, गुडघ्याइतक्या. मी हात धरायला पुढे झालो होतो, पण त्यांना गरज लागली नाही. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. ते त्यांनी पुसलं नाही, आजही पुसलेलं नाही, आणि त्यांना त्याबद्दल विचारायची हिंमत गावात कोणाची नाही. त्यांनी मडक्यात वाकून पाहिलं, आत कोणी असल्यासारखं, आणि साध्या आवाजात, घरात बोलतात तसं म्हणाल्या, "जा आता. तुमचं पोरगं पन म्हातारं व्हाले लागलं."

मग मडकं सुधाकरच्या हातात दिलं. त्यानं ते पालथं केलं आणि तिथंच पाण्यात उभ्या उभ्या मोठ्यानं रडू लागला. वहिनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. अंधार पडेपर्यंत आम्ही काठावर थांबलो, आणि त्याला गप्प हो असं कोणी म्हटलं नाही.